कुपीतले बाकीचे स्फटिक

२००८ सालच्या ऑक्टोबरात मी विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठात गेले. तेव्हा मी पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इनऑर्गॅनिक केमिस्ट्री. ते जाणं एका सत्रापुरतंच होतं. आज मी संशोधन करते, मुलांना शिकवते, आणि या दोन्ही कामांत जे काही चांगलं माझ्या हातून होतं त्याचा माग काढत गेलं की मी त्या सत्रापाशी येऊन थांबते. मला तिथे ज्यांनी घडवलं त्यांतल्या बऱ्याच जणांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत. काहींची आहेत, पण मी कोण हे त्यांना कधी कळलं नाही. देणं मात्र दोघांचंही सारखंच आहे. ते फिटण्यातलं नाही. निदान मोकळेपणी सांगावं, म्हणून हे लिहिते.

पदवीपर्यंतचं माझं शिक्षण सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालं. वडील एस.टी.त कंडक्टर. घराण्यात विज्ञानाकडे वळलेली मी पहिलीच. कॉलेजात सकाळी साडेसातला प्रॅक्टिकल असायचं. आम्ही पोचायचो तेव्हा टेबलावर द्रावणांच्या बाटल्या लेबलं लावून ओळीने मांडलेल्या असत, ब्यूरेट धुऊन स्टँडला लावलेले असत, किपच्या उपकरणातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा वास खोलीभर पसरलेला असे. आम्ही रीडिंग घ्यायचो, जर्नल पूर्ण करायचो, सर सही करायचे. मार्क चांगले पडत. प्रयोग म्हणजे पुस्तकात आधीच दिलेल्या उत्तरापर्यंत नीट जाऊन पोचणं, एवढीच माझी समजूत होती. ज्याचं उत्तर अजून कोणालाच माहीत नाही असा प्रश्न घेऊन माणूस प्रयोगशाळेत कसा उभा राहतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

पुण्याला आल्यावर मॅक्स म्युलर भवनात संध्याकाळचे जर्मनचे वर्ग लावले. आमच्या विभागातल्या एका मॅडमनी या योजनेबद्दल सांगितलं आणि माझा अर्ज स्वतः ओळ न् ओळ तपासून दिला. शिष्यवृत्ती डीएएडीची होती. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी जर्मनीत १९२५ साली सुरू झालेली ही संस्था. तिचा बहुतेक पैसा सरकारी खजिन्यातून येतो. तेव्हा माझ्या लेखी हा अर्जासोबतच्या पत्रकातला एक तपशील होता, त्याहून जास्त काही नाही.

गॉटिंगेन हे फ्रँकफर्टहून आगगाडीने दोनेक तासांवरचं, सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्तीचं गाव. विद्यापीठ १७३७ सालचं. गाउस इथले, हिल्बर्ट इथले, एमी नोएथर आणि माक्स बोर्न यांनी इथेच शिकवलं. १८२८ साली बर्लिनमध्ये युरिया तयार करून दाखवणारे फ्रीडरिख व्होलर १८३६ पासून अखेरपर्यंत इथेच होते. गावात फिरताना घरांच्या भिंतींवर संगमरवरी पाट्या दिसत. या घरात अमुक शास्त्रज्ञ तमुक वर्षी राहत होते. जी नावं मी परीक्षेसाठी पाठ केली होती ती अशी दारादारावर भेटायला लागल्यावर मला आनंद झाला नाही, धास्ती वाटली. या गावात आपलं काय काम, असं पहिल्या आठवड्यात सारखं मनात येई.

रसायनशास्त्राचा विभाग गावाच्या उत्तर टोकाला, टामानश्ट्रास नावाच्या रस्त्यावर आहे. माझ्या प्राध्यापकांनी पहिल्या दिवशी माझी आपुलकीने विचारपूस केली, मला काय शिकायचं आहे ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग सुरुवातीचे काही आठवडे तुम्ही यांच्या हाताखाली काम करा." यांच्या म्हणजे आमच्या गटाच्या तंत्रज्ञ बाईंच्या.

त्यांचं नाव इथे घेत नाही, त्यांना ते रुचणार नाही. शाळेतल्या शिक्षिकांना आपण बाई म्हणतो, तसं मी मनात त्यांना बाईच म्हणायचे. वय पन्नाशीच्या पुढे, केस आखूड, पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम एक बारीक चिमटा आणि पेन. शाळा संपवून त्या विद्यापीठात न जाता तंत्रज्ञाच्या शिक्षणाला गेल्या होत्या. जर्मनीत हे शिक्षण अतिशय नीट बांधलेलं असतं. आठवड्याचे काही दिवस वर्गात, बाकीचे प्रत्यक्ष कामावर, आणि शेवटी कसून परीक्षा. बाई त्यातून तयार होऊन आलेल्या. पीएच.डी.ची मुलं तीन-चार वर्षांत येऊन जात, प्राध्यापकही बदलत, बाई तिथेच असत. कुठला पंप कधी कुरकुरतो, कुठल्या झडपेला ग्रीस लागतं, दहा वर्षांपूर्वी कुणी कुठलं संयुग कसं केलं होतं, हे सगळं त्यांना माहीत असे.

माझं जर्मन आणि त्यांचं इंग्रजी, दोन्ही तोकडं. त्यामुळे त्या बोलण्यापेक्षा करून दाखवत. पहिल्या दिवशी त्यांनी मला एक वही दिली. पक्क्या बांधणीची, पानांवर आकडे छापलेली. लिहायचं ते पेनने. पान फाडायचं नाही. खोडायचं झालं तर एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि जे दिसेल ते दिसलं त्याच वेळी लिहायचं, संध्याकाळी आठवून नाही. ही शेवटची गोष्ट मला जड गेली. माझ्या हाताला जर्नलची सवय होती. जर्नल घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहायचं असतं, आणि त्यात फक्त बरोबर आलेलं असतं. बाईंच्या स्वतःच्या वहीत न जमलेल्या गोष्टीच जास्त होत्या, आणि त्याही जमलेल्या गोष्टींइतक्याच नेटक्या लिहिलेल्या.

आमच्या गटाची संयुगं हवेतल्या दमटपणानेही बिघडणारी. सगळं काम आर्गॉन वायूखाली, बंद काचेच्या उपकरणांत करावं लागे. संयुग तयार झालं की त्याचे स्फटिक वाढवायचे, आणि त्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून रेणूची रचना शोधायची. स्फटिक वाढवणं बाईंनी मला शिकवलं. संयुग टोल्युइनमध्ये, जेमतेम विरघळेल इतक्याच टोल्युइनमध्ये, घ्यायचं. मग हेक्झेन सिरिंजमध्ये भरून सुईचं टोक काचेच्या भिंतीला टेकवायचं आणि थेंब थेंब असं सोडायचं की ते खालच्या द्रावणात न मिसळता वर तरंगत राहील. दोन द्रवांच्या मधली रेघ स्पष्ट दिसली पाहिजे. बाई हे करत तेव्हा त्यांचा श्वासही मंद होई. मग कुपी उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची आणि आठवडाभर तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मी रोज बघायला जाई. बाई काही बोलल्या नाहीत. एके दिवशी त्यांनी फ्रीझरच्या दारावर एक तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून ठेवली, त्या तारखेपर्यंत मी दार उघडायचं नाही एवढाच तिचा अर्थ.

त्यांच्या टेबलाखाली पत्र्याची एक पेटी होती, कार्डांनी भरलेली. प्रत्येक कार्डावर एक संयुग, वापरलेले द्रव, तापमान, आणि शेवटी काय झालं ते. मी ती कार्डं वाचायला लागले. 'काही नाही.' 'चिकट तेल.' 'भुकटी.' 'काही नाही.' असं कित्येक कार्डांवर, आणि मधूनच एखाद्यावर 'उत्तम'. कित्येक वर्षांची ती मेहनत होती, कुठल्या निबंधात कधी न आलेली. पण आमच्या गटातलं कोणीही नवीन संयुग हातात घेतलं की आधी त्या पेटीपाशी जाई. कोणत्या वाटेने जायचं नाही, हे त्या कार्डांवरून कळे. न जमलेलं काम नीट लिहून ठेवलं तर ते दुसऱ्याच्या उपयोगी पडतं, हे मी त्या पेटीपाशी शिकले. तोवर न जमलेलं काम म्हणजे लपवायची गोष्ट, असंच मी धरून चालले होते.

माझ्या कुपीत अखेर स्फटिक आले. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. ध्रुवीकृत प्रकाशात चांगला एकसंध स्फटिक फिरवला की तो चमकतो आणि ठरावीक कोनावर सगळाच्या सगळा एकदम विझतो. अर्धा विझला आणि अर्धा उजळ राहिला तर तो एक स्फटिक नव्हे, दोन एकमेकांत वाढलेले असतात. तेलाच्या थेंबात बुडवलेले ते कण सुईच्या टोकाने हळूच वळवत मी तासन् तास बघत बसे. मनासारखा मिळाला की तेलाच्या कणासकट उचलून उपकरणावर चढवायचा. वरून नायट्रोजनचा अतिथंड झोत पडत असतो, शंभर केल्व्हिनच्या आसपासचा. तेल क्षणात गोठतं आणि स्फटिकाला धरून ठेवतं. मग रात्रभर उपकरण त्याला वळवत राहतं आणि क्ष-किरणांचे ठिपके टिपत राहतं.

त्या ठिपक्यांवरून रेणू उभा करायचा तो संगणकावर, शेल-एक्स या प्रोग्रॅमने. तो लिहिणारे जॉर्ज शेल्ड्रिक गॉटिंगेनलाच प्राध्यापक होते, १९७८ पासून. १९७० च्या सुमारास केंब्रिजमध्ये असताना त्यांनी तो लिहायला घेतला आणि १९७६ साली जगाला दिला, तेव्हा तो पंच कार्डांवर होता. शिक्षणसंस्थांना त्यांनी तो फुकट दिला, आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्याही. २००८ च्या जानेवारीत त्यांनी या प्रोग्रॅमचा इतिहास सांगणारा एक निबंध छापला. तो वापरणाऱ्या सगळ्यांनी त्या निबंधाचा आधार दिला, आणि इतक्यांनी दिला की तो छापणाऱ्या, एरवी मोजक्या तज्ज्ञांनी वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर एकदम पन्नासच्या घरात गेला. पुण्यात आमचे सीनिअरही तोच प्रोग्रॅम वापरत, एकही रुपया न देता. ज्या देशांतल्या प्रयोगशाळांना महागडे प्रोग्रॅम परवडत नाहीत तिथल्या किती मुलांनी या माणसाच्या उदारपणावर पीएच.डी. केली असेल, याची गणती नाही. मी त्यांतलीच एक.

माझी पहिली रचना संगणकाच्या पडद्यावर उभी राहिली तेव्हा रात्र झाली होती. रेणू सुंदर होता, आकडे चांगले होते, पण मला हवा होता तो रेणू तो नव्हता. धातूच्या दोन अणूंच्या मध्ये ऑक्सिजनचा एक अणू पुलासारखा बसला होता. कुठूनतरी बाष्पाचा अंश लागला होता आणि त्यातून दुसरंच संयुग झालं होतं. दुसरीकडे त्याच कुपीतल्या पदार्थाचा एनएमआरचा आलेख सांगत होता की संयुग अपेक्षित तेच आहे. दोन साक्षी दोन दिशांना. माझे आठवडे वाया गेले असं मला वाटलं. सत्र निम्मं संपत आलं होतं, पुण्याला काय तोंड दाखवू, हेच डोक्यात.

सकाळी प्राध्यापक आणि बाई दोघं माझ्या टेबलापाशी आले. प्राध्यापकांनी पडद्यावरची रचना शांतपणे पाहिली. बाईंनी माझी वही मागितली. स्फटिक निवडला त्या दिवसाचं पान उघडलं. मी तिथे, बाईंनी लावलेल्या सवयीप्रमाणे, जे दिसलं ते लिहिलं होतं. 'सुया पुष्कळ. ठोकळे चार-दोन. ठोकळा चांगला दिसला, तोच घेतला.' बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "या एकाने आपल्याला स्वतःबद्दल सांगितलं. कुपीतल्या बाकीच्यांना अजून कोणी विचारलं नाही."

मग आम्ही बाकीच्यांना विचारलं. सुया फार बारीक होत्या, ठिपके क्षीण यायचे. बाईंनी पेटीतली जुनी कार्डं काढून द्रवांचं प्रमाण बदललं, तापमान आणखी सावकाश उतरवलं, आणि काही दिवसांनी जाड सुया मिळाल्या. त्यांच्यात माझं संयुग होतं. प्राध्यापकांनी दोन्ही रचना निबंधात घेतल्या. जे हवं होतं ते आणि जे न मागता मिळालं ते, दोन्हींतून त्या धातूबद्दल काहीतरी कळलं होतं. उत्तर ठाऊक नसताना प्रयोगशाळेत कसं उभं राहायचं, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा दिसलं. दोघांपैकी कोणाच्याही चेहऱ्यावर निराशा नव्हती. कुतूहल होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी बाई मला गावाच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. त्यांच्या आजीची कबर तिथे होती, ती झाडून, दिवा लावून यायचं होतं. काम झाल्यावर त्या मला आतल्या भागात घेऊन गेल्या. माक्स प्लांक, ओटो हान, माक्स बोर्न, वाल्टर नेर्न्स्ट, सगळे तिथे आहेत. प्लांकच्या शिळेवर त्यांचा स्थिरांक, बोर्नच्या शिळेवर त्यांचं समीकरण. बाई थांबल्या त्या माक्स फॉन लाउए यांच्यापाशी. स्फटिकावर क्ष-किरण टाकले तर ठिपक्यांची नक्षी उमटते, हे १९१२ साली म्युनिकमध्ये ज्यांच्या कल्पनेतून सिद्ध झालं ते हे. माझं सगळं काम त्या एका गोष्टीवर उभं होतं.

बाईंनी मला तिथे लाउए यांच्या पदकाची हकिगत सांगितली. नाझी राजवटीत सोनं देशाबाहेर नेणं हा गुन्हा होता. लाउए यांनी आणि गॉटिंगेनचे प्राध्यापक जेम्स फ्रांक यांनी आपली नोबेल पदकं कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत ठेवायला दिली होती. १९४० साली जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा तिथले रसायनशास्त्रज्ञ हेवेशी यांनी दोन्ही पदकं अम्लराजात विरघळवली आणि ती बाटली फडताळावर ठेवून दिली. सैनिकांनी संस्थेची झडती घेतली, बाटलीला कोणी हात लावला नाही. युद्धानंतर त्या द्रावणातून सोनं परत मिळवलं गेलं आणि त्याची पदकं पुन्हा घडवली गेली. फ्रांक ज्यू होते. पहिल्या महायुद्धात लढलेले असल्यामुळे, ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढणाऱ्या १९३३ च्या कायद्याने त्यांची नोकरी गेली नसती, तरी आपल्या सहकाऱ्यांना काढून टाकतात म्हणून त्यांनी त्या एप्रिलमध्ये स्वतःहून राजीनामा दिला. बोर्न गेले, नोएथर गेल्या. बोर्न काही काळ बंगळूरला रामन यांच्या संस्थेतही राहून गेले, हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांना ते नवीन होतं. "आमच्या गावाने स्वतःची माणसं घालवली," त्या म्हणाल्या, "आता बाहेरून कोणी शिकायला आलं की मला बरं वाटतं." माझ्या येण्याकडे त्या गावात कोणी असंही पाहत असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

नाताळच्या सुट्टीत विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला फ्रान्झ कीलहॉर्न यांनी संपादित केलेलं पतंजलीचं महाभाष्य दिसलं. छपाई मुंबईची, नागरी लिपीतली. कीलहॉर्न १८६६ ते १८८१ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. पुण्याच्या शास्त्र्यांपाशी बसून त्यांनी पाणिनीय व्याकरण समजून घेतलं. मग ते गॉटिंगेनला प्राध्यापक झाले आणि १९०८ साली मृत्यू येईपर्यंत तिथेच शिकवत राहिले. १८८५ साली याच विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. म्हणजे माझ्या आधी सव्वाशेहून जास्त वर्षं, पुढे या गावचा झालेला एक माणूस पुण्यात येऊन राहिला होता, शिकवता शिकवता शिकला होता, आणि ज्यांच्यापाशी तो शिकला त्या शास्त्र्यांचीही नावं फारशी कोणाला ठाऊक नाहीत. गॉटिंगेनची माझी धास्ती त्या दिवशी गेली. आपण इथे उपरे नाही, एका जुन्या देण्याघेण्यात उशिराने सामील झालो आहोत, असं वाटलं.

त्या देण्याघेण्यातला पैशाचा भाग मला बाईंच्या पगाराच्या कागदाने दाखवला. एकदा कॉफीच्या वेळी जर्मनीत पगार कसे असतात हे मी विचारलं, तेव्हा त्यांनी निःसंकोचपणे आपला कागद समोर ठेवला आणि कुठल्या रकान्यात काय कापलं जातं ते समजावलं. कराचा आकडा मोठा होता. माझी शिष्यवृत्ती याच खजिन्यातून येत होती. ज्या बाईने स्वतः विद्यापीठाची पदवी घेतली नाही तिच्या पगारातून कापलेल्या पैशावर मी, हजारो मैलांवरून आलेली मुलगी, विद्यापीठात शिकत होते. मी ते बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, "मग उद्या वेळेवर ये, पंपाचं तेल बदलायचं आहे." दुसऱ्या दिवशी आम्ही पंपाचं तेल बदललं.

माझ्या निघण्याच्या सुमारास आमच्या गटातला एक मुलगा डॉक्टर झाला. गॉटिंगेनची रीत अशी की नव्या डॉक्टरला सजवलेल्या हातगाडीत बसवून बाजारचौकात नेतात, आणि तो तिथल्या कारंजावर चढून हंस राखणाऱ्या मुलीच्या पुतळ्याचा मुका घेतो. १९०१ सालचा तो पुतळा. मित्रमंडळी त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी चढवतात, त्याच्या कामातल्या गमतीजमती लावलेली. ती टोपी बाईंनी दोन संध्याकाळी जागून केली होती. वर तारेचा रेणू होता, बंधांचे कोनसुद्धा बरोबर. चौकात सगळे फोटो काढत होते तेव्हा बाई गर्दीच्या कडेला आमच्या सगळ्यांचे कोट हातावर घेऊन उभ्या होत्या.

पुढे आमचा निबंध छापून आला. त्यात माझं नाव लेखकांमध्ये होतं आणि बाईंचं शेवटच्या आभारांत. जगात बहुतेक ठिकाणी तशीच रीत आहे. मी पत्रातून बाईंना खंत कळवली. त्यांनी उत्तरात नव्या स्फटिकांचा फोटो पाठवला.

परत आल्यावर काही महिन्यांनी माझ्या जुन्या कॉलेजने मला मुलांशी बोलायला बोलावलं. गाडी लवकर पोचली, म्हणून मी पहाटे सहाच्या सुमारास थेट प्रयोगशाळेत गेले. दिवे लागलेले होते. आमचे मामा, प्रयोगशाळा परिचर, स्टुलावर बसून एन बाय टेनचं द्रावण करत होते. टेबलांवर ब्यूरेट धुऊन लावलेले होते. मी तीन वर्षं त्या खोलीत शिकले होते, मामांना रोज पाहत होते, पण ते काय करतात हे कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यापाशी एक जुनी लांबट वही होती. कुठल्या दिवशी कुठल्या बाटलीची नॉर्मॅलिटी किती भरली, ते तारीखवार लिहिलेलं. द्रावण केलं की मामा ते स्वतः टायट्रेट करून बघत आणि मगच बाटलीला लेबल लावत. हे त्यांना करायला कोणी सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, "मामा, हे रोज तुम्ही करत होतात? आमच्या वेळीही?"

"मग कोण करणार, पोरी?" मामा म्हणाले. "द्रावण चुकलं की पोरांचं रीडिंग चुकतं. आणि पोरांना वाटतं, आपल्याला येत नाही."

मला त्या दिवशी मुलांना जे सांगायचं होतं ते सगळं बाजूला ठेवून मी मामांबद्दल बोलले. मला विज्ञान येईल असा जो विश्वास त्या गावातल्या मुलीला वाटला, तो रोज पहाटे कोणीतरी तिच्यासाठी तयार करून बाटलीत भरून ठेवत होतं. गॉटिंगेनच्या बाईंनी मला स्फटिक निवडायला शिकवलं. त्याहून मोठं म्हणजे, मामांना बघायला शिकवलं.

आता माझी स्वतःची लहानशी प्रयोगशाळा आहे. नव्या विद्यार्थ्याचे पहिले आठवडे आमच्या प्रयोगशाळा सहायकांच्या हाताखाली जातात. वही पक्क्या बांधणीची असते, खोडायला एकच रेघ. न जमलेल्या प्रयोगांच्या कार्डांची पेटी आम्हीही ठेवली आहे आणि ती भरत चालली आहे. सहायकांनी पद्धतीत काही मोलाची भर घातली असेल तर निबंधात लेखक म्हणून त्यांचं नाव घालायचं, असं आम्ही ठरवलं आहे, आणि दोनदा ते घातलंही. छापलेल्या नावावरून कामाबद्दल सगळं कळतं असं मी आता मानत नाही. तो निवडून उचललेला एक स्फटिक असतो, आणि तो फक्त स्वतःबद्दल सांगतो.

परदेशी शिकायला निघालेली मुलं भेटायला येतात, तिथे कोणाकोणाला भेटावं असं विचारतात. मी त्यांना प्राध्यापकांची नावं सांगते, ग्रंथालयं सांगते, शिष्यवृत्तीचं सांगते. आणि मग सांगते, पोचल्यावर तिथल्या प्रयोगशाळेचं कुलूप सकाळी कोण उघडतं ते विचारा आणि त्यांच्यापाशी शिका. निघण्यापूर्वी, तुमच्या कॉलेजात ते इतकी वर्षं कोण उघडत होतं, त्यांना भेटून या.